गळ्यापर्यंत पाणी

सौदीत अबकैकच्या तेलकामगारांच्या कॅम्पात माझ्या शेजारच्या खोलीत रत्नागिरीचा एक इंजिनियर होता, मॉस्कोत शिकलेला. तिकडच्या एका नव्या सिनेमाची कॅसेट त्याने कस्टमवाल्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून आणली होती. दर शुक्रवारी तीच लावायचा आणि संवाद मराठीत सांगायचा. एका सरकारी कचेरीत गळ्यापर्यंत पाणी भरतं, तरी साहेब म्हणतो पाणी नाहीच. आणि कारकून डोक्यावर फायली धरून माना डोलावतात. इथे हा मांडीवर थाप मारायचा. "बघा लाचार मेले!"

मग कुवेतवरून युद्ध लागलं. इराक विषारी गॅसची क्षेपणास्त्रं टाकेल या भीतीने सायरन वाजायला लागले. ठेकेदाराने गॅसमास्क दिले ते फक्त गोऱ्यांना. आम्हाला मॅनेजर म्हणाला, "नाकाला ओला टॉवेल लावा, पुरतो."

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हा पुढे झाला. टॉवेल भिजवला, नीट घडी घातली, नाकावर दाबला आणि आतूनच बोलला, "येस सर, श्वास मस्त येतो."

त्या शुक्रवारी पुन्हा तीच कॅसेट, तीच थाप. "बघा लाचार मेले!"

मी माझा टॉवेल त्याच्या मांडीवर फेकला. म्हटलं, "हा घे, धर डोक्यावर."