शिल्लक जागांची शीट

कुठल्याही गोष्टीचा एक्सेल करायला घेतला की आकडे कॉलमात जाऊन बसतात आणि कॉलमात न मावणारं सगळं माणसांच्या डोक्यात साठत जातं. आमच्या अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी शाळेतल्या पालकांच्या डोक्यात असं बरंच साठलंय. परवा अनघा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तू हे एकदा लिहून काढ बाबा. प्रत्येक पॉटलकच्या जेवणाला तेच तेच सांगत असतोस!" म्हणून लिहायला बसलोय. हसू येईल तिथे खुशाल हसा. मला स्वतःला काही ठिकाणी अजून येत नाही, कारण शेवटच्या वर्षी त्या शीटमध्ये माझीच मुलगी सई होती.

शाळा रविवारी सकाळी दहा ते बारा, एका भाड्याच्या हॉलमध्ये. मुलं आत 'क कमळाचा' गिरवतात आणि पालक बाहेर थर्मासमधला चहा पितात. या पालकांमध्ये गोगटेकाका असतात. पंचाहत्तरी उलटलेली, शाळेत स्वतःचं कुणी नाही, पण शाळा त्यांनीच सुरू केली म्हणून अजून येतात. औषध कंपनीत त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं. गोळ्यांचे नमुने कपाटात ठेवायचे, ठरावीक महिन्यांनी तपासायचे आणि आकड्यांचा ट्रेंड बघून ही गोळी किती दिवस टिकेल ते सांगायचं. रिटायर झाल्यावर गोळ्या सुटल्या, ट्रेंड सुटला नाही.

इथे कॉलेजांची उत्तरं साधारण मार्च-एप्रिलपर्यंत येतात आणि एक मेपर्यंत मुलांनी कुठे जायचं ते ठरवायचं असतं. त्यानंतरही काही कॉलेजांत जागा उरतात. त्यांची एक यादी दर मे महिन्यात जाहीर होते, आणि ती असते हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. आमच्या प्रसादने एका रविवारी ही बातमी आणली. प्रसाद नागपूरचा, आयटीत.

काकांचा कप हवेतच थांबला. "म्हणजे दर वर्षीची यादी साठवली, तर पुढच्या वर्षी कुठे अर्ज करायचा ते आधीच कळेल की!"

पुढच्या रविवारी शीट तयार होती.

* * *

काकांचा पहिला नियम असा की शीटमध्ये कुणाचंही नाव येणार नाही. प्रत्येक मूल म्हणजे एक रो, आणि नावाऐवजी फक्त नंबर. मार्क किती, अर्ज कुठे केले, कुठून होकार, कुठून नकार, कुठे वेटलिस्ट, एवढंच. "कॉन्फिडेन्शियल म्हणजे कॉन्फिडेन्शियल!" असं त्यांनी बजावलं. फक्त ट्रेंड नीट कळावा म्हणून त्यांनी शेवटी 'इतर माहिती' असा एक कॉलम ठेवला.

आठवड्याभरात प्रसाद आला. "काका, अकरा नंबरचा पोरगा कोण आहे?"

"ते सांगता येणार नाही."

"बरं, राहू द्या. मी वाचतो. व्हायोलिन, दोन धाकट्या बहिणी, वडील डेंटिस्ट, घर शाळेच्या मागे."

काकांनी गंभीरपणे विचार केला आणि 'घर शाळेच्या मागे' एवढं खोडलं.

* * *

नकार आला असेल तर त्याचं कारण लिहायलाही एक कॉलम होता. तो आई-वडिलांनी भरायचा. तीन-चार वर्षांनी एकदा काकांनी तो सगळा कॉलम आम्हाला वाचून दाखवला. 'त्या वर्षी कॉम्पिटिशन फार होती.' 'शिफारसपत्र उशिरा गेलं.' 'काउन्सेलर नवीन होती.' 'त्यांना आपल्या स्टेटची मुलं नको होती.' 'अर्जासोबतचा निबंध तपासायला दिला त्याने बिघडवला.' एकाने तर 'हवामान' असं लिहिलं होतं. इंटरव्ह्यूच्या दिवशी बर्फ पडला होता म्हणे.

वाचून झाल्यावर काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "तीस वर्षं लॅबमध्ये काढली, पण असा डेटा मी पाहिला नाही. इतक्या नोंदी, आणि एकही मूल कुठे कमी पडलेलं नाही!"

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा सई आठवीत होती, हसायला काय जातंय!

* * *

मग त्या छोट्या कॉलेजची भानगड झाली. डोंगरापलीकडचं एक चांगलं कॉलेज लागोपाठ तीन वर्षं मेच्या यादीत होतं. काकांनी जाहीर केलं, "हे सेफ. इथे आपल्या मुलांना नकार येणं शक्य नाही." झालं, त्या वर्षी सहा घरांनी तिथे अर्ज केले.

लाँग वीकेंडला तीन मिनीव्हॅन भरून सगळे कॉलेज बघायला गेले. टूर देणारी मुलगी उलटं चालत माहिती सांगत होती. इतकी माणसं बघून तिने विचारलं, "इज धिस ऑल वन फॅमिली?"

प्रसाद म्हणाला, "येस!" आणि तिला चकली दिली.

सहाही मुलांनी निबंधात लिहिलं की आपण लहानपणापासून याच कॉलेजचं स्वप्न बघत होतो. एप्रिलमध्ये दोघांना होकार आला आणि चौघं वेटलिस्टवर गेली. आणि मेच्या यादीतून त्या कॉलेजचं नावच नाहीसं झालं!

रविवारी प्रसादने जरा घुश्शातच विचारलं, "काका, तुमच्या ट्रेंडचं काय झालं यार?"

"नमुना तपासायचा असतो, प्रसाद. आपण सहा जणांनी बाटलीच संपवली," काका म्हणाले. त्यानंतर दोन रविवार ते नुसता चहा पिऊन घरी गेले.

* * *

स्मितावहिनींची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतोय. वहिनी पुण्याच्या. आपला मुलगा कुठे अर्ज करतोय हे कुणाला कळू नये, उगाच गर्दी वाढायची, म्हणून त्यांनी शीटमध्ये मोठ्याची माहिती चक्क खोटी भरली. ज्या कॉलेजात त्याने अर्जही केला नव्हता तिथून होकार आल्याचं लिहून टाकलं. नाव नसल्यामुळे लाज वाटायचंही कारण नव्हतं.

तीन वर्षं गेली. धाकटीची वेळ आली तशा वहिनी शीट घेऊन बसल्या आणि आनंदाने ओरडल्या, "अहो, हे बघा! या कॉलेजात आपल्याकडच्या एका मुलाला मिळालंय, आणि त्याचे मार्क अगदी हिच्याएवढेच होते. हे नक्की टाकू या!"

त्यांचे यजमान हेमंतराव वाकून स्क्रीन बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, ती आपलीच रो आहे."

वहिनींनी दुसऱ्या दिवशी काकांकडे जाऊन सगळं कबूल केलं. काका रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "आणखी किती जणांनी असं केलं असेल?"

* * *

गोगटेकाकूंना ही शीट कधीच आवडली नाही. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. बोलता बोलता काका त्यांच्या मुलाबद्दल, श्रीरंगबद्दल, सांगायला लागले. त्याला त्यांनी हट्टाने इंजिनिअरिंगला पाठवलं होतं. दोन वर्षांनी त्याने ते सोडलं आणि पुढे बराच काळ बापाशी बोलणंही सोडलं. आता तो ऑरेगनमध्ये लहान मुलांना शिकवतो. बोलतो, पण आईशी.

"चूक झाली," काका भाताकडे बघत म्हणाले. "पण काय करणार? श्रीरंगच्या वेळी माझ्याकडे डेटा नव्हता."

काकू आमटी वाढत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "डेटा होता. घरातच फिरत होता. पाच फूट दहा इंच."

परतताना गाडी मी चालवत होतो. मागे सई कानात हेडफोन घालून बसली होती. तिची उंची किती आहे हे मला नक्की सांगता आलं नसतं.

* * *

एवढं सगळं बघूनही माणूस शहाणा होतो असं नाही. सई बारावीत गेली आणि तिने जाहीर केलं की तिला फॉरेस्ट्री शिकायची आहे. म्हणजे जंगलं. प्रसाद म्हणाला, "अरे, झाडं तर आपल्या बॅकयार्डातही आहेत ना बे!" मी हसलो, पण मनातून मलाही तसंच वाटत होतं.

मी शीट उघडून तिच्यासाठी दहा कॉलेजांची यादी केली. सगळी मेच्या यादीत वरचेवर दिसणारी, सगळी सेफ. तिने ती वाचली, "थँक्स, बाबा," म्हणाली आणि स्वतःला हवी ती चारच कॉलेजं निवडली. माझ्या दहांपैकी त्यात एकही नव्हतं. मी तिला न सांगता काकांकडून तिच्या चारांचा ट्रेंड काढून घेतला. काका म्हणाले, "एक तरी येईल."

एकही आलं नाही. तिघांनी नाही म्हटलं आणि चौथ्याने वेटलिस्टवर टाकलं. तेही तिचं सगळ्यांत आवडतं. त्या कॉलेजच्या वेटलिस्टवर आमच्या शीटमधली पाच मुलं आजवर बसली होती आणि पाचांपैकी एकालाही बोलावणं आलं नव्हतं. काकांनी हे मला बाजूला घेऊन, पार्किंग लॉटमध्ये सांगितलं.

मित्रांच्या मुलांचे कॉलेजच्या टीशर्टमधले फोटो यायला लागले. सई प्रत्येक फोटोला हार्ट टाकायची आणि खोलीत जायची. मला तिची काळजी वाटत होती हे खरं, पण त्याहून जास्त राग येत होता, आणि एका संध्याकाळी जेवताना मी बोलून गेलो. "तरी मी सांगत होतो. शीटमध्ये सगळं स्पष्ट लिहिलं होतं."

तिने पोळीचा घास खाली ठेवला. "द शीट डिडन्ट गेट रिजेक्टेड, बाबा. आय डिड."

अनघाने माझ्याकडे असं बघितलं की मी ताट घेऊन उठलो. मला लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते.

* * *

मेची यादी आली त्या शनिवारी सकाळी काका न बोलावता लॅपटॉप घेऊन आमच्या दारात उभे राहिले. सोबत काकूंनी दिलेला शिऱ्याचा डबा. फॉरेस्ट्री शिकवणारी आणि जागा शिल्लक असलेली तीन कॉलेजं त्यांनी शोधली होती. त्यातलं एक माझ्या दहांच्या यादीतही नव्हतं आणि सईच्या चारांतही नव्हतं. डोंगरातलं, लहानसं, आमच्यापैकी कुणी कधी नावही न ऐकलेलं. शीटमध्ये त्याची एकही नोंद नव्हती.

"याचा ट्रेंड नाही," काका म्हणाले. "याच्याबद्दल मला काहीच सांगता येणार नाही."

सई म्हणाली, "देन आय विल कॉल देम फर्स्ट."

मी म्हटलं, मी फोन करतो. ती नको म्हणाली. मग काकांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. फोनवर काय विचारतील आणि काय उत्तर द्यायचं, सगळं नंबर घालून लिहिलेलं. तुम्हाला हेच कॉलेज का हवं, याचं उत्तर तर चांगलं आठ ओळींचं होतं. तिथले प्राध्यापक, तिथलं संशोधन, तिथली मूल्यं. ते त्यांनी रात्रीतून कॉलेजची वेबसाइट वाचून लिहिलं होतं.

फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, स्पीकरवर. मी, अनघा आणि काका तीन बाजूंना. पलीकडे एक वयस्क बाई होती, सावकाश, हेल काढून बोलणारी. तिने नाव विचारलं, शाळा विचारली, मार्क विचारले. सई नीट उत्तरं देत होती.

मग त्या बाईने विचारलं, "अँड टेल मी, स्वीटी, व्हाय अस?"

काकांनी लगेच कागदावर त्या आठ ओळींखाली बोट ठेवलं आणि कागद सईपुढे सरकवला.

सईने कागद बघितला. काकांकडे बघितलं. मग तो कागद तिने अगदी हळूच, त्यांना वाईट वाटू नये इतक्या हळूच, उलटा करून ठेवला.

"ऑनेस्टली, मॅम? बिकॉज यू स्टिल हॅव रूम."

मी डोळे मिटले.

"वेल, हनी," ती बाई म्हणाली, "वी शुअर डू."