नाही म्हणायची चोरी

माझी लेक वर्षाची झाली आणि आमच्या घरात कुणाला 'नाही' म्हणायची चोरी झाली. हातातलं काही काढून घेतलं की ती तोंड उघडायची, एक लांब हेल काढायची आणि पुढचा श्वास आत घ्यायचीच नाही. ओठ निळे, डोळे पांढरे, अंग ढिलं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी तिला घेऊन अनवाणी रस्त्यावर धावत सुटले होते.

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, रक्त कमी म्हणून औषध दिलं आणि म्हणाल्या, "ती नाटक करत नाही, मुद्दाम श्वासही धरत नाही. रडता रडता अडकतो तो. बेशुद्ध पडली की मेंदू कारभार हातात घेतो आणि श्वास आपोआप सुरू होतो. तुम्ही कुशीवर निजवा आणि बघत बसा." बघत बसा! सांगायला काय जातं?

आमचा मखमलाबादकडे मेथी-कोथिंबिरीचा मळा. पहाटेपासून राबणारी माणसं, हातावर हात ठेवून बसणं कुणाला जमतंय? त्यांनी सोपा उपाय काढला, पोरीला रडूच द्यायचं नाही. मोबाईल मागितला, दिला. सासऱ्यांचा चष्मा मागितला, दिला. तो मोडला, दुसरा आणला. मी न्हाणीचं दार लावलं की ती रडणार, म्हणून आंघोळसुद्धा दार उघडं टाकून, चार तांब्यांत. माहेरी जाणं तर विसराच. मला लेकीचा राग यायचा, मग त्या रागाची लाज वाटायची आणि दोन्ही गिळून मी पुन्हा तिला कडेवर घ्यायचे. जीव नुसता घुसमटायचा.

तिला तिसरं लागलं तसं सासूबाईंनी जावळाचं काढलं. अंगणात सतरंजी टाकली. माझा भाऊ, म्हणजे तिचा मामा, तिला मांडीवर घेऊन बसला. नणंद केस झेलायला पदर पसरून पुढ्यात. मोबाईलमधल्या गाण्यात ती गुंग होती, तोवर न्हावीदादांनी अर्धं डोकं भादरलंही. आणि तेवढ्यात मेल्या मोबाईलची बॅटरी संपली.

झालं! एक लांब हेल, आणि मग काहीच नाही. तोंड उघडं, आवाज बंद.

"आगं बया, पोरगी काळी पडली! कांदा फोडा, पाणी आणा!" सासूबाई ओरडल्या. कुणी चप्पल काढून नाकाशी धरायला धावलं. नणंद तर तांब्या घेऊन तिच्या तोंडात पाणीच ओतायला आली. ते पाणी छातीत गेलं असतं म्हणजे? माझं डोकंच फिरलं. भावाच्या मांडीवरून लेकीला ओढून मी सतरंजीवर कुशीवर निजवलं.

"खबरदार कुणी हात लावाल तर!"

"आई हाय का वैरीण गं तू?" सासूबाई कडाडल्या.

मी लेकीच्या तोंडावर वाकले. ओठ निळेच होते. डॉक्टरीणबाई चुकल्या असतील तर? माझेच हात तिला हलवायला निघाले, ते मी मांडीखाली दाबून धरले. इतकी भीती मला बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती.

मग तिची पाठ हलली. कुणी हलवलं नाही, कुणी हुंगवलं नाही, त्या एवढ्याशा देहानं आपला श्वास आपणच घेतला. दुसरा घेतला. ओठांवर रंग आला. डोळे उघडून तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि न्हावीदादांच्या वस्तऱ्याकडे बोट केलं.

"दे."

"देऊन टाका हो," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या, "पातं काढून द्या!" आणि न्हावीदादा काढायला लागलेसुद्धा!

"नाही," मी म्हणाले. "मिळणार नाही."

सगळं अंगण माझ्याकडे बघत राहिलं. तिचा खालचा ओठ पुढे आला. तोंड उघडलं. लांब हेल निघाला, थांबला, आणि तिनं श्वास आत ओढला. मग दुसरा हेल. हातपाय आपटत, अर्ध्या भादरलेल्या डोक्यानं ती रडत सुटली. वर्षभरात पहिल्यांदा आमच्या घरात ती पोटभर रडली, आणि तिच्या शेजारी बसून मीही.