धनजपुढच्या नाल्यात अडलेली मोटार

अमरावतीहून निघतानाच मोटारीने कुरकूर केली. माझे मित्र भास्करराव यांनी स्टार्टरचे बटण पायाने दाबले, तेव्हा एरवी खडखडून जागे होणारे इंजिन आजारी माणसाने कूस पालटावी तसे दोनदा जडपणे फिरले आणि कसेबसे सुरू झाले. "जुनी गाडी, त्यात थंडी," भास्करराव म्हणाले. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आदल्या वर्षीचा हिवाळा होता. मी पुण्याचा शाळामास्तर, वऱ्हाड प्रथमच पाहत होतो. कारंज्याची जैन मंदिरे पाहून परतायचे, एवढाच आमचा बेत होता.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळीभोर जमीन आणि तिच्यावर फुटलेला कापूस. नजर पोचेल तिथवर पांढरे. डोंगरांच्या कुशीत वाढलेला मी मान वळवून वळवून ते मोकळे आभाळ पाहत राहिलो.

वाटेतल्या धनज गावी एका शेतकऱ्याच्या ओसरीवर आम्ही ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली. हात धूत होतो तोच पन्नाशीची एक काटक बाई धावत आली.

"भाऊ, मोटार कारंज्याले जाते का?"

"जाते. का हो?"

"माही लेक अडली हाय. कालपासून कळा हायेत, सुईणीनं हात टेकले. बैलगाडीनं दवाखान्यात पोचाले सांज होईन."

बाईचे नाव साळूबाई, लेकीचे गिरजा. आम्ही दोघींना मागच्या बाकावर घेतले. मोटार सुरू होताना पुन्हा तशीच कण्हली.

चारेक मैलांवर कोरडा नाला लागला. वाळूत चाके रुतली, गचका बसला आणि इंजिन बंद पडले. भास्कररावांनी बटण दाबले. इंजिन अर्धे फिरून थबकले. इंजिन हाताने फिरवायला पुढून हँडल मारायला गेले, तर त्याने उलटी उसळी घेतली आणि त्यांचे मनगट क्षणात सुजले. मी प्रयत्न केला; माझ्याने हँडल वरच येईना. दोघांच्या बळाने मोटार वाळूतून हलणेही शक्य नव्हते. बैल आणायचे तर गाव चार मैल मागे. मागे गिरजा दात आवळून कण्हत होती.

भास्कररावांनी दिवे लावायला सांगितले. मी पुन्हा बटण दाबले. दिवे मंदावले नाहीत. "बॅटरी धडधाकट आहे," ते खिन्नपणे म्हणाले. "म्हणजे स्टार्टरच गेला. खोलायला दिवस जाईल."

साळूबाई उतरून इंजिनापाशी आली. "थे बटन पुन्हा दाबा, भाऊ." आणि उघड्या बॉनेटमधून तिने सरळ आत हात घातला.

"बाई, हात काढा! तुम्हाला यातलं काय कळतं?" भास्करराव ओरडले.

"कापसाच्या जिनात, सरकी काढाच्या रेच्यावर बारा वर्सं काढली मी. रेचा जड चालला का आमी हात फिरवतो. जिथं पोळते, तिथंच दुखणं."

मी बटण दाबत राहिलो. तिचा हात स्टार्टरवरून, जाड तारेवरून, बोल्टांवरून सावकाश सरकत गेला. एखाद्या मुलाच्या अंगावरून फिरवावा तसा. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याकडे तांब्याचा एक विणलेला पट्टा जात होता. त्याच्या टोकाशी ती एकदम "आई गं!" म्हणाली.

"इथं पोळून राह्यलं. इंजिन तापन, थे समजते. हे तं दूर हाय, हे काहून तापते?"

भास्कररावांचा चेहरा बदलला. मुलांना वीज शिकवणारा मी तर खजीलच झालो. स्टार्टरची वीज याच पट्ट्यातून परत फिरते; आणि विजेची वाट अरुंद झाली की ती तिथेच तापते, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल!

मनगटामुळे भास्कररावांना पाना धरवेना. ते सांगत गेले, मी बोल्ट सोडवला. खाली गंज आणि वाळलेल्या चिखलाचा थर. साळूबाईने नाल्यातली मूठभर वाळू घेऊन पट्ट्याचे टोक घासघासून लख्ख केले, पदराने पुसले. मी बोल्ट सारा जीव एकवटून आवळला.

बटण दाबताच इंजिन असे गर्जून उठले की बांधावरचे बगळे उडाले. साळूबाईने फक्त "चाला" म्हटले. तिने खांदा लावला आणि मोटार वाळूबाहेर निघाली.

दवाखान्यात तासाभराने गिरजाला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. साळूबाई बाहेर आली, तेव्हा तिच्या बोटावर टरटरून फोड आला होता. तिला तो दाखवला, तर म्हणाली, "अगं माय! मले तं समजलंच नाही," आणि तिथेच भिंतीला टेकून रडू लागली. इतका वेळ त्या बाईच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी मंदिरे पाहिली. लाकडातले ते कोरीवकाम! एकेका पाकळीपाशी थांबावे असे. मी थांबलोही. पण ज्यांनी ती कोरली त्यांचे हात कसे असतील, हाच विचार मनात येत राहिला.

परतून महिना झाला. शाळेत विजेचा धडा पुन्हा आला, तेव्हा मी फळ्याकडे न वळता मुलांना नाल्यातली ही हकीकत सांगितली. एकाने विचारले, "सर, त्या बाई किती शिकल्या होत्या?" तिला वाचता येत होते की नाही, हे विचारायचे मला तिथे सुचलेच नव्हते.