तीन पॉइंट आठचं सोवळं

माझा थोरला भाऊ आमच्याबरोबर पुण्याला येणार की काशीतच राहणार, हे एका लॅपटॉपवर ठरणार होतं. ऐकायला वेडगळ वाटतं, पण होतं ते तसंच.

झालं असं की आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाले. मी शाळेत मुलींना कम्प्युटर शिकवत होते, ती नोकरीही संपली. पुण्याच्या मुलीनं जाहीर करून टाकलं की दसरा झाला की तुम्ही दोघं इकडे. आम्ही बरं म्हटलं. राहिला दादा. तो दूधविनायकाच्या गल्लीत एकटा. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे नेलेले. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. मुलगी म्हणाली, "मामा आपलं काम एकट्यानं करतोय हे यंदाच्या पितृपंधरवड्यात मला दिसू दे. दिसलं तर राहू दे त्याला. नाही तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन." मुलगी माझ्यावर गेली आहे. बोलली की करते.

दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "इथे मरायला मिळावं म्हणून लोक कुठून कुठून येतात. मी इथे जन्मलो, आणि तुम्ही मला मरायला कोथरूडला नेणार? वा रे वा!"

मला काय वाटत होतं? खरं सांगते, मला तो पुण्यात हवा होता. आंधळा भाऊ मागे ठेवून कुणाला घास गोड लागेल? पण त्याला उचलून नेणं म्हणजे काय, हेही कळत होतं. तेव्हा मी ठरवलं, त्याचं यंत्र मी चालू करून देणार. माझ्या मनाचं नंतर बघू.

त्याचं काम म्हणजे तिथी सांगणं. उभा जन्म त्यानं घाटावर श्राद्धं चालवली. आता पायऱ्या उतरता येत नाहीत, पण महाराष्ट्रातल्या जजमानांचे फोन त्यालाच येतात. गुरुजी, वडील वद्य पंचमीला गेले, यंदा कोणत्या दिवशी करायचं? तुम्ही म्हणाल, भिंतीवर कॅलेंडर असतं की. असतं, पण त्यात उजाडतानाची तिथी छापलेली असते आणि श्राद्धाला लागते दुपारनंतरची. कधी कधी दोन्हींत एका दिवसाचा फरक पडतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून वाचून घ्यावं तर इथली पंचांगं हिंदी. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आपला भाद्रपदाचा वद्य पक्ष तो त्यांचा आश्विनाचा कृष्ण पक्ष. ऐकणाऱ्याचा घोळ झालाच म्हणून समजा. म्हणून मी मागे त्याला एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. दादानं दिवस टाइप करायचा, लॅपटॉपनं मराठी हिशेबाची दुपारची तिथी मोठ्यानं म्हणायची. टायपिंग तो डोळे होते तेव्हाच शिकला होता.

तर हा लॅपटॉप एका माकडानं गच्चीवरून खाली टाकला. दादा तिथे गार वाऱ्याला बसून काम करत होता. मी त्याला किती वेळा सांगितलं होतं! प्रोग्रॅम माझ्या पेन ड्राइव्हवर शाबूत होता, म्हणून मी फारशी घाबरले नाही. मुलीनं नवा लॅपटॉप पाठवला. मी म्हटलं, दुपारभराचं काम.

आणि तिथेच घोडं अडलं. माझा प्रोग्रॅम पायथन या भाषेत आहे. आकाशातलं गणित काही मी केलेलं नाही, माझ्या बापजन्मी मला ते जमणार नाही. ते दुसऱ्या कुणी तरी करून ठेवलेल्या एका लायब्ररीत आहे. लायब्ररी म्हणजे तयार गणिताची पुरचुंडी, इंटरनेटवरून उतरवायची आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडायची. ती उतरवताना आधी तपासणी होते, तुमच्याकडे पायथनची कितवी आवृत्ती आहे म्हणून. लायब्ररी जुनी. तिला तीन पॉइंट आठ चालत होती, त्याच्या पुढची नाही. नव्या लॅपटॉपवर मी हौसेनं अगदी ताजी आवृत्ती घातली होती, तीन पॉइंट तेरा. लाल अक्षरांत उत्तर आलं, जुळत नाही. पितृपंधरवडा तोंडावर आणि हे! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

मी दादाला म्हटलं, "काही नाही, जुनी आवृत्ती घालावी लागेल. पण तुलाच करायला शिकवते. उद्या मी पुण्याला गेल्यावर पुन्हा असं झालं तर?" हवी ती आवृत्ती कुठून घ्यायची, मग काय टाइप करायचं, सगळं त्याच्याकडून पाठ करून घेतलं. पाठांतराला तो वाघ आहे. पडद्यावर काय येतं ते लॅपटॉप वाचून दाखवतो, तेव्हा ऐकत ऐकत कर म्हटलं, आणि पेन ड्राइव्ह त्याच्यापाशी ठेवून मी माझी बांधाबांध करायला घरी आले.

दोन दिवस फोन केला की, "चाललंय." तिसऱ्या दिवशी गेले तर स्वारी घामाघूम. लॅपटॉप कोरा. पायथन नाही, प्रोग्रॅम नाही, पेन ड्राइव्हवरची प्रतही पुसलेली.

"दादा, काय केलंस हे?"

"चुकलं म्हणाला. म्हणून सगळं काढलं आणि पहिल्यापासून सुरू केलं."

"किती वेळा?"

"चुकलं म्हणाला तितक्या वेळा."

मी डोक्याला हात लावला. रामघाटच्या पाठशाळेत त्याची संथा झाली. तिथला दंडक असा की म्हणताना एक स्वर जरी चुकला तर मधून उचलायचं नाही, अध्याय पहिल्यापासून म्हणायचा. आठव्या वर्षापासून हाडीमासी खिळलेलं ते. इंटरनेट जरा अडखळलं आणि लॅपटॉप 'त्रुटी' म्हणाला की हा सगळं पुसून पुन्हा ओंकारापासून! शेवटी त्याला वाटलं, पेन ड्राइव्हवरचंच मूळ बिघडलं असेल, तेव्हा तेही साफ केलं.

"अरे, ही संथा नव्हे! यंत्राला जिथे अडलं तिथूनच पुढे जायचं असतं!"

"मधूनच उचललेलं शुद्ध कसं राहील?"

"शुद्ध! शुद्धच झालंय सगळं, पार धुऊन पुसून!" माझा आवाज गल्लीत गेला असणार. समोरच्या काकूंनी खिडकी उघडली आणि पुन्हा लावली.

दादा हळूच म्हणाला, "म्हणजे आता कोथरूड." माझा सगळा पारा उतरला. मला रडूच आलं, पण म्हटलं, आधी काम.

प्रोग्रॅम मी पुन्हा लिहायला बसले. आपलंच लिहिलेलं असलं तरी वर्षांपूर्वीचं कुठलं आठवायला! नाकी नऊ आले. पूर्ण झाल्यावर मी एक शॉर्टकट मारला. म्हटलं, जुन्या लायब्ररीच्या नादी लागायचंच कशाला? नव्या पायथनला चालणारी दुसरी एक लायब्ररी सापडली. चटकन बसली, एका अक्षराची तक्रार नाही. मी खूश. दादाला म्हटलं, विचार तिला.

त्यानं पंधरवड्यातला एक दिवस टाइप केला. लॅपटॉप म्हणाला, आश्विन कृष्ण पंचमी.

"हा आश्विन कुणाच्या घरचा आलाय?" दादा म्हणाला.

नवी लायब्ररी उत्तरेकडचे महिने मोजत होती. मी म्हटलं, "मग काय झालं? मनात एक महिना मागे जात जा."

"वद्यातच जायचं. शुद्धात जायचं नाही. बरोबर?"

"हो."

"आणि अधिक महिना आला म्हणजे?"

त्याला एकट्याला ठेवून जायचं, आणि प्रत्येक फोनला मनातल्या मनात ही कसरत करायला लावायची? एका जजमानाच्या बापाचं श्राद्ध चुकलं तर दादा स्वतःला माफ करणार नाही, आणि माझी मुलगी मला. तक्रार न करता बसलेली लायब्ररी लाल अक्षरांपेक्षा वाईट निघाली. ती काढून टाकली.

मग जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं. नवं पायथन तसंच राहू दिलं, शेजारी जुनं तीन पॉइंट आठ घातलं, आणि त्याच्यासाठी एक निराळी जागा आखून दिली. असं करता येतं. त्या जागेत जुनी भाषा, जुनी लायब्ररी आणि आपला प्रोग्रॅम, एवढंच. बाहेरच्या नव्याचा त्याला स्पर्श होत नाही. दर वेळी आधी त्या जागेत शिरायचं आणि मगच काम सुरू करायचं.

हे दादाला समजावून सांगायला मी दीर्घ श्वास घेतला होता. तो म्हणाला, "सोवळं."

"काय?"

"सोवळ्याची खोली. आधी धूतवस्त्र नेसायचं, मग आत जायचं. बाहेरच्या भांड्याला शिवायचं नाही. एवढंच ना? मग सरळ असं सांगायचं, उगाच परेशान केलंस मला."

मी हसले. तीस वर्षं मुलींना शिकवलं, पण हे मला नाही सुचलं.

एक भीती होती. तो त्या जागेत न शिरताच काम सुरू करील, नव्या पायथनवर, आणि पुन्हा त्रुटी, आणि पुन्हा सगळं साफ. म्हणून म्हटलं, "प्रत्येक वेळी पहिल्यांदा आवृत्ती विचारायची. तीन पॉइंट आठ म्हणाला तरच पुढे." त्यावर त्याचं काही म्हणणं नव्हतं. श्राद्धाला बसवताना गोत्र कोणतं, शाखा कोणती, हे विचारल्याशिवाय त्यानं कुणाच्या हातावर कधी पाणी सोडलं नाही. यंत्रालाही विचारायचं म्हटल्यावर त्याला ते रीतसरच वाटलं. आणि पुसून टाकायचं नाही, याची मी त्याला शपथ घातली. गंगेची नाही, माझी. गंगेची त्यानं घेतलीच नसती.

पंधरवडा सुरू झाला तेव्हा मी त्याच्या घरी जाऊन बसत असे, पण कोपऱ्यात, तोंड शिवून. मला ते किती जड जातं हे आमच्या ह्यांना विचारा. मुलगी व्हिडिओवर बघत होती. पहिला फोन साताऱ्याकडचा आला. दादानं त्यांची कॅलेंडरातली तारीख ऐकली, बोटं फिरवली, आवृत्ती विचारली. लॅपटॉप म्हणाला, तीन पॉइंट आठ. मग दिवस टाइप केला. आवाज आला, भाद्रपद वद्य षष्ठी. दादा फोनमध्ये म्हणाला, "तुमच्या वडिलांची पंचमी आदल्या दिवशी, दुपारची धरा. कॅलेंडरावर जाऊ नका." मग दुसरा फोन, मग तिसरा. मधे एकदा आवृत्ती विचारल्यावर लॅपटॉप तीन पॉइंट तेरा म्हणाला. मी अर्धी उठले. दादा नुसता "अहं" म्हणाला, सोवळ्यात शिरला आणि पुन्हा विचारलं. मी खाली बसले.

पंधरवडा संपला तेव्हा मुलीचा फोन आला. "आई, राहू दे मामाला." मी दादाला सांगितलं. तो सुपारी कातरत होता, ती तशीच कातरत राहिला. म्हणाला, "मग? मी काय सांगत होतो?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मला आनंद झाला. जिंकले होते, आणि बक्षीस म्हणून त्याला इथे एकटा सोडून जायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेले. म्हणाला, "तुझा लॅपटॉप आणलास का? नसेल तर घेऊन ये. हेच सगळं त्याच्यावर घाल."

"माझ्यावर कशाला? मला कोण जजमान फोन करतोय?"

"मी गेल्यावर माझी तिथी कोण सांगणार तुला?"

भाजीला काय आणायचं हे विचारावं, तशा आवाजात. मी म्हटलं, "निघताना काय अभद्र बोलतोस रे!"

"अभद्र काय त्यात? माझ्यामागे पान ठेवणारं दुसरं कोण आहे? तू ठेवशील, मला ठाऊक आहे. पण मला विचारायची सवय तुला. चुकीच्या दिवशी ठेवशील."

मी घरी जाऊन लॅपटॉप आणला. आधी आवृत्ती विचारली, जुनं पायथन उतरवलं, जागा आखली, लायब्ररी बसली. डोळ्यांपुढे पडदा दिसत नव्हता, पण बोटांना आता सवय झाली होती. शेवटी प्रोग्रॅम गाव विचारतो, कारण दुपार प्रत्येक गावाची निराळी. दादाच्या लॅपटॉपवर मी काशी घातलं होतं.

"गाव कुठलं घालू?" मी विचारलं.

"पान तू वाढणार ना? मग तू असशील तिथलं घाल."

मी पुणे घातलं.