देव्हाऱ्यातल्या पळीचा तपास

नोकरीत मी दरोडे पाहिले, खुनाचे तपास पाहिले. पण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही ती इंग्लंडातल्या रीडिंग गावातली एका पळीची केस. नावं सांगत नाही. मंडळी हयात आहेत आणि दिवाळीला भेटतात.

निवृत्तीआधी मी शस्त्र परवाना विभागात होतो. नूतनीकरणाचा अर्ज आला की घरी जायचं, बंदुकीचं कपाट भिंतीला पक्कं आहे का, बंदुकीची दारू नीट साठवली आहे का ते बघायचं आणि माणूस परवाना द्यायच्या लायकीचा आहे का याचा अंदाज घ्यायचा. चहा बहुधा मिळतो.

त्या दिवशीचे अर्जदार आपलेच, निवृत्त भूलतज्ज्ञ. जुन्या धाटणीची रायफल आणि तिची काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरायची, हा त्यांचा छंद. उडवलेली पितळी पुंगळी धुवायची, बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, काळी दारू भरायची, उरलेल्या जागेत बारीक रवा आणि वर शिशाची गोळी. आत पोकळी राहिली तर धोका, म्हणून रवा.

दार काकूंनी उघडलं. मराठी आडनावाचा पोलीस पाहून त्या एकदम खूश झाल्या.

"बरं झालं आलात! ते गन-बिन नंतर बघा. आमच्याकडे थेफ्ट झालीय."

देव्हाऱ्यातली पितळेची पळी गेली होती. काकूंच्या आईची. "संडेला सत्यनारायण आहे. तीर्थ काय टीस्पूननं देऊ?" संशयित हॉलमध्येच कोट घालून उभी होती, त्यांची रोमानियन क्लीनर. "आज तिचा लास्ट डे. सांगितलंय मी तिला."

चोरी माझ्या विभागात येत नव्हती. पण त्या बाईकडे पाहून माझा पाय निघेना. आसपासच्या सगळ्या मराठी घरांत तिची कामं होती. इथे चोर ठरली की संध्याकाळपर्यंत बाकीची दारंही बंद. व्हॉट्सॲप ग्रुपला साक्षी-पुरावा लागत नाही.

मी तिला काय झालं ते विचारलं. इंग्रजी मोडकं, पण आवाज खणखणीत. "शुक्रवारी घासली. देवाजवळ ठेवली. माझी बॅग बघा." नजर सरळ माझ्यावर. खोटं बोलणारा माणूस सहसा एवढं थोडक्यात आटपत नाही.

तेवढ्यात डॉक्टर मध्ये पडले. "अगं, जाऊ दे ना. वेम्बलीच्या इंडियन दुकानातून नवी आणू. सेम टू सेम मिळते."

इथे माझे कान टवकारले. ज्याच्या घरी चोरी होते तो माणूस तपास वाढवा म्हणतो. मिटवा म्हणणारा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"चला डॉक्टर, गॅरेज बघू," मी म्हटलं.

कपाट पक्कं, दारूची लाकडी पेटी नियमाप्रमाणे, टेबल ऑपरेशन थिएटरसारखं लख्ख. मी काडतूस भरून दाखवायला सांगितलं. डॉक्टरांनी प्लास्टिकचा चमचा घेतला आणि तराजूवर कमी, टेबलावर जास्त दारू सांडली. आयुष्यभर थेंब मोजून भूल देणाऱ्या हाताचं हे काम?

मी मुद्दाम मान हलवली. "हाताचं काम शेवटी असंच. हल्ली फॅक्टरीची काडतुसंच बरी."

"कोण म्हणतं?" डॉक्टरांचे कान लाल झाले. न बघता त्यांनी खण उघडला, आत हात घातला आणि काय सुरेख काम सुरू झालं म्हणून सांगू! दाणा दाणा पडत होता, काटा जागच्या जागी थांबत होता. दोन पुंगळ्या भरून झाल्या, तिसरी हातात घेतली, आणि मग त्यांचं लक्ष आपल्या उजव्या हाताकडे गेलं. हातात पळी होती.

"पितळेची ठिणगी पडत नाही हो," ते पुटपुटले. "आणि हिच्यासारखी बारीक धार दुसऱ्या कशानं सोडता येत नाही. दर वेळी परत ठेवायचो. या खेपेला राहिली."

"मग काकूंनी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा उशीर झाला होता. तिच्या आईची आहे ती! तुम्हीच सांगता का? गॅरेजच्या कोपऱ्यात सापडली म्हणा."

इथवर मला हसू येत होतं. आता मात्र राग आला. "डॉक्टर, बायकोला घाबरणारा माणूस परवान्याच्या दृष्टीनं उत्तम. पण तुमच्या भीतीपायी ती बाई चोर ठरतेय. तुमच्या लायकीबद्दल मला अजून लिहायचं आहे. आत जा."

पळी दोन्ही हातांत धरून ते आत गेले. काकूंचा आवाज पार गॅरेजपर्यंत आला. मी हॉलमध्ये गेलो तेव्हा काकू त्या बाईचा हात धरून सॉरी म्हणत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाईनं हात सोडवून घेतला. "तुम्हाला माहीत नव्हतं, मॅडम. डॉक्टरांना माहीत होतं. ते उभे राहून बघत होते."

डॉक्टरांनी माफी मागितली. आधी पुटपुटत, मग काकूंनी "लाउडर" म्हटल्यावर नीट. बाईनं जरा विचार केला, कोट उतरवला आणि टांगायला त्यांच्याच हातात दिला.

"यापुढे देवाचं पितळ तुम्ही घासायचं. दर शुक्रवारी. मी तपासणार."

डॉक्टर कबूल झाले. मी परवाना मंजूर केला, आणि रविवारी प्रसादालाही जाऊन आलो.

हातात बसलेलं अवजार लपवून येत असलेलं काम वाईट करून दाखवणं कोणाला फार वेळ जमत नाही, हे या केसमध्ये मला उपयोगी पडलं. पण शिकलो ते त्या बाईकडून. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुठल्याही चौकशीत मी आधी बघायचो ते शेजारी गप्प उभ्या असलेल्या सभ्य माणसाकडे.