वायरीचं दुसरं टोक

तेजराम कापगतेंना कुणी सहज काही बोललं तरी तो त्यांना कामाचा हुकूम वाटतो. पोलादाच्या प्लांटमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचं असं होतं. मीही त्यांच्याच खात्यात सत्तावीस वर्षं होतो, पण मी मुळात आळशी, म्हणून वाचलो.

सेक्टर 10 मध्ये त्यांचं क्वार्टर वर आणि माझं खाली. ते साकोलीकडच्या धानाच्या बांध्यांतून इथे आलेले, आम्ही तीन पिढ्यांचे दुर्गवाले. तेजरामजींचं काम कंट्रोल रूममध्ये, पॅनलवरचे दिवे सांभाळायचं. हिरवा म्हणजे मशीन चालू, लाल म्हणजे बंद. आणि दिवाच विझला, तर संशय मशीनवर घ्यायचा नाही, आधी आपली वायर तपासायची. शंभरात नव्वद वेळा वायरच सुटलेली असते. नव्या भरतीच्या पोरांना ते हेच पढवत आले.

मुलगा एकच, पीयूष. नेहरू नगरच्या कोचिंगला त्याला सोडायला आणि आणायला हा माणूस शिफ्ट बदलून घ्यायचा. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून त्याला टीव्हीला लावायचा गेमचा डबा घेऊन दिला. मग बापलेक गाड्यांची शर्यत खेळायचे. बाप दर वेळी हरायचा आणि मला सांगायचा, "मुद्दाम हारतो, भाऊ." साफ खोटं. त्यांना गाडी सरळसुद्धा चालवता येत नव्हती. पण वरून दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि मला, खरं सांगतो, हेवा वाटायचा.

पीयूष आता पुण्यात कंपनीत आहे. त्याने तिकडे नवा डबा घेतला, जुना इथे कपाटावर राहिला. रविवारी फोन यायचा. "बाबा, मीटिंग आहे, नंतर करतो." ते नंतर काही कधी उजाडलं नाही. गेल्या दिवाळीला साहेब दोन दिवस आले. निघताना बूट घालता घालता म्हणाले, "बाबा, आप भी ऑनलाइन आ जाओ ना, जुन्या डब्यावर. तिथंच भेटू रोज, खेळू." आणि ऑटोत बसले. पावर हाउस स्टेशन येईपर्यंत तो हे विसरलाही असेल. तेजरामजींना मात्र हुकूम मिळाला होता.

अडचण अशी की जुन्या डब्याचं वायफाय केव्हाच मेलं होतं. घरात इंटरनेट यायचं ते एका वायरीने, थेट पीयूषच्या जुन्या कॉम्प्युटरला. मोडेमला दुसरी वायर खोचायला जागा नाही. तेव्हा एकच मार्ग होता. कॉम्प्युटरला आणखी एक वायर लावायची सोय करायची, ती वायर डब्यापर्यंत न्यायची, आणि कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा रे, तुझ्याकडे येतं त्यातलं थोडं याला दे. माझी मुलगी ईरा रायपूरला हेच काम करते. तिने फोनवर सगळं समजावलं, म्हणून मी तेजराम मिस्त्रींच्या हाताखाली भरती झालो.

तेजरामजींनी आधी कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. मग पावर हाउसच्या बाजारातून वायर आणली, आणि तिच्या दोन्ही टोकांना पिवळ्या नळीचे तुकडे चढवले. प्लांटमध्ये तशी रीतच आहे. वायरीच्या प्रत्येक टोकावर दुसरं टोक कुठे जातं ते लिहितात, म्हणजे पुढे उघडणारा माणूस चुकत नाही. कॉम्प्युटरकडच्या टोकावर त्यांनी लिहिलं, "डबा". डब्याकडच्या टोकावर लिहायला हवं होतं, "कॉम्प्युटर". त्यांनी लिहिलं, "पीयूष".

"हे चूक आहे," मी म्हणालो.

"चूक कावून? शेवटी जाऊन तर तिकडंच राहिली ना वायर?"

वहिनी, म्हणजे जयाताई, भाजी निवडत होत्या. त्या हसल्या. त्यानंतर त्या घरात मी त्यांना हसताना पाहिलं नाही.

दोन आठवडे डबा काही जोडला जाईना. कारण निघालं ते असं. डब्यात आणि कॉम्प्युटरमध्ये एकमेकांना सापडण्यासाठी पत्त्याचे आकडे असतात, ते आपोआप भरले जातात. तेजरामजींचा आपोआप या शब्दावर विश्वास नव्हता. ते दर वेळी आपल्या हाताने आकडे भरायचे, वहीत टिपून ठेवायचे. शेवटी ईरा वैतागून म्हणाली, "काकांना म्हणा, सगळे आकडे पुसा आणि आपोआपवर ठेवा." ठेवलं. पाच मिनिटांत टीव्हीवर "कनेक्टेड" आलं. तेजरामजींनी माझा हात इतका दाबला की बोटं दुखली.

तो बुधवार होता, त्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा, दुपारचे तीन वाजलेले. पीयूषने पूर्वीच उघडून दिलेल्या त्यांच्या खात्यावर मित्रांच्या यादीत एकच नाव होतं. पीयूष. नावापुढे हिरवा ठिपका आणि खाली लिहिलेलं, दोन तासांपासून खेळत आहे.

सकाळीच जयाताईंनी त्याला फोन केला होता. आज दिवसभर मीटिंग आहे, असं तो म्हणाला होता.

तेजरामजींनी खेळायला ये म्हणून निरोप पाठवला आणि रिमोट मांडीवर धरून बसले. अर्धा तास गेला. उत्तर आलं नाही. ठिपका हिरवाच.

"घरून काम करून राहिला असन," ते म्हणाले. "मशीन आपली चालूच ठेवली असन बाजूले."

"हो," मी म्हणालो. मला त्या पोराच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती.

त्या दिवसापासून तेजरामजींना नवी ड्यूटी लागली. प्लांटमधून आले की कॉम्प्युटर सुरू, मग डबा सुरू, मग यादी. खेळायचे नाहीत. हिरवा ठिपका दिसला की चहा प्यायचे. जयाताईंनी सवयीने कॉम्प्युटर बंद केला तर डब्याचं इंटरनेट जायचं, म्हणून तेजरामजींनी बटणावर लाल पाटी टांगली, "काम चालू आहे, बंद करू नये." मी एकदा विचारलं, यात काय मिळतं तुम्हाला? म्हणाले, "भाऊ, हिरवा आहे म्हणजे पोरगं ठीक आहे. खोलीवर आलं, जेवलं. आनखी मले काय पायजे?" ते फोनही करेनासे झाले. दिवा पाहिला की काम भागत होतं.

मग त्यांनी घोटाळा केला. एका रविवारी पीयूषचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो. मोठ्या कौतुकाने म्हणाले, "शुक्रवारी अख्खी दुपार खेळून राहिला होता ना रे? जितला का?" पलीकडे लगेच मीटिंग निघाली.

दुसऱ्या दिवशी ठिपका राखाडी झाला, म्हणजे पीयूष खेळात नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही राखाडी. आठवडाभर राखाडी.

तेजरामजींनी तेच केलं जे एकतीस वर्षं केलं होतं. संशय आपल्या वायरीवर घेतला. दोन्ही टोकं काढून पुन्हा बसवली. मोडेम उघडून पुसला. नवी वायर आणली, टोकांवर नळ्या चढवल्या, तीच नावं लिहिली. मला बोलावलं. मी पाहिलं, इंटरनेट चोख चालत होतं. मी घरी येऊन ईराला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, त्यात एक सोय असते. आपण चालू असलो तरी दुसऱ्याला बंद दिसतो. त्याने ती लावली असेल. वायरीत काही नाही."

मी तडक वर निघालो. सांगून टाकणार होतो. जिन्यातच जयाताई भेटल्या, दळणाचा डबा घेऊन. माझ्या तोंडावरून त्यांनी ओळखलं.

"मले मालूम आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी फोनवर विचारलं त्याले. म्हणे, बाबा निगरानी करतात, मले घुटन होते." डबा त्यांनी कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतला. "तुमी त्याच्या बाबाले सांगू नका. वायर खराब आहे, असंच म्हना. वायरीवर राग धरन तं जगन मानूस."

वर गेलो तर तेजरामजी जमिनीवर बसलेले, पुढ्यात तिसरी वायर. नळ्या चढवून झाल्या होत्या.

"सांगा भाऊ, चूक कोठी आहे? तुमाले समजते."

"वायरच हलकी होती," मी म्हणालो. "ही बसवून पाहू."

त्यांचा चेहरा उजळला. पेन माझ्याकडे दिला. "तुमीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे. मागच्या वेळी पुसट झालं होतं, म्हणून तं गडबड नसन झाली?"

मी एका नळीवर लिहिलं, "डबा". दुसरी हातात धरून थोडा वेळ बसलो. ते वाट पाहत होते. मग तिच्यावर मी पीयूषचं नाव ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि वायर त्यांच्या हातात दिली.