दिघीतलं बेथलेहेम

किस्से काही ठरवून गोळा करावे लागत नाहीत राव. दिघीहून चाकणला कंपनीच्या बसनं जा, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडका, आपोआप साठतात! नाताळ जवळ आला की आमच्या बसमध्ये एकच फर्माईश असते, "भाऊ, ते चर्चचं सांगा ना!" मलाही काय, निमित्तच हवं असतं.

कंपनीत आमच्या लाईनवर डॅनियल आहे. मूळचा नगरकडचा, अगदी गरीब स्वभावाचा. त्यानं खेडजवळच्या वर्षाशी लग्न केलं, तिच्या घरच्यांच्या मनाविरुद्ध. तेव्हापासून वर्षाच्या आईनं तिच्याशी बोलणंच टाकलं. बाळ झालं, निरोप गेला, तरी बाई काही आल्या नाहीत. वर्षा म्हणायची, "आईनं एकदा बाळाला बघावं, बाकी मला काही नको." हे ऐकलं की वाईट वाटायचं हो. पण आपण काय करणार?

*

त्या वर्षी त्यांच्या चर्चनं येशूजन्माचा जिवंत देखावा करायचं ठरवलं. माणसं खरी, जनावरं खरी, बाळही खरं! डॅनियल योसेफ, वर्षा मरिया आणि बाळ त्यांचंच. मदतीला आमचा बंडू. दिघीतल्या जुन्या घरचा, गणपती मंडळाचा कायमचा अध्यक्ष. तो म्हणाला, "जिवंत देखावा व्हय? आरं, ह्यो तर आपला घरचा इषय!"

पहिल्याच मीटिंगला त्यानं चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं, "यात लढाई कुठं येती?"

"लढाई नाही. बाळ जन्माला येतं."

"आन् मग?"

"मग लोक बाळाला बघायला येतात."

बंडूचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाला, "बरं, निदान धूर तरी सोडू!"

आणि सोडला की! पहिल्या संध्याकाळी मंडळाचं मशीन असं पेटलं की गॅलरीत उभा असलेला देवदूत दिसेनासा झाला. नुसता खोकला ऐकू येत होता. मशीन तिथंच बंद!

*

गाढव काही मिळालं नाही. बंडूनं स्वतःच्या गोठ्यातली म्हैस आणून बांधली.

पाळकसाहेब म्हणाले, "अहो, बेथलेहेमच्या गोठ्यात म्हैस कशी असेल?"

"तुमी बघाय गेला हुता का?" बंडू म्हणाला. पाळकसाहेब देवमाणूस, हसले आणि म्हैस राहू दिली.

दुसऱ्या संध्याकाळी देखावा ऐन रंगात. पेटीवर गाणं चाललंय, मेंढपाळ गुडघे टेकून बसलेत, आणि बंडू बादली घेऊन थेट स्टेजवर! म्हशीखाली बसला आणि धार काढायला लागला.

मी खालून ओरडलो, "बंड्या, देखावा चालू आहे!"

तो म्हणाला, "तिची येळ झालीया! उद्या आटली तर दूध तू देणार हायेस का?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे पण बसवलेलंच आहे.

*

बाळाला बघायला पूर्वेकडून आलेले गोष्टीतले तिघे राजे कंपनीतल्या आमच्याच लाईनवरचे. फर्स्ट शिफ्ट करून थेट आलेले, अंगावर जरीचे झगे आणि खाली सेफ्टी शूज! बघणाऱ्यांच्या लाईनीतली एक चिमुरडी किंचाळली, "मम्मी, राजाचे बूट पप्पांसारखे!" एका काकांनी मला विचारलं, "हे तिघं कुठून आले म्हणायचे?" मी म्हणालो, "पूर्वेकडून." काका म्हणाले, "म्हणजे आळंदीकडून का?" मी म्हणालो, "त्याच्याही पुढून."

*

आणि शेवटच्या संध्याकाळचं.

माझ्याकडे लाईन सांभाळायचं काम, कारण माझा आवाज मोठा. बंडूची सगळ्यांना सक्त ताकीद होती, मंडळात असते तशी. देखाव्यात हलायचं नाही, बोलायचं नाही, पापणीसुद्धा जपून!

एक बाई डोक्यावरून पदर घेऊन आल्या, गव्हाणीतल्या बाळाकडे बघत राहिल्या आणि निघून गेल्या. थोड्या वेळानं पुन्हा लाईनीत. मग पुन्हा. मी वैतागलो. "मावशी, झालं की बघून! बाकीच्यांना बघू द्या!"

"का? गणपतीला मान्सं धा येळा जात्यात, तवा न्हाई वरडत?"

मावशी पुढं गेल्या आणि नेमकं तेव्हाच बाळ रडायला लागलं. साधं नाही, टाहो! मरिया जागची हलेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण बसलीय तशीच. योसेफ त्या मावशींकडे असा बघत होता की माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे देवा, मी कुणाला हाकलत होतो!

इकडे बंडू माईकवरून दबक्या आवाजात, "मरिया, हलू नगंस!"

मावशी कडाडल्या, "आगं, रडतंय की ते! घे की त्याला!"

मरियानं मान वर केली आणि म्हणाली, "तूच घे ना आई."

मावशी देखाव्यापुढं बांधलेल्या दोरीपाशी क्षणभर थांबल्या. मग लुगडं सावरून त्यांनी दोरी ओलांडली, बाळाला उचलून छातीशी धरलं आणि योसेफाच्या शेजारी गवतावर मांडी घालून बसल्या. बाळ गप्प झालं. म्हशीनंसुद्धा मान वळवून बघितलं.

मावशी काही उठल्या नाहीत. देखावा पुढं तसाच चालू राहिला. मागून येणाऱ्या एका माणसानं बराच वेळ निरखून पाहिलं आणि पाळकसाहेबांना विचारलं, "साहेब, या कोण? बायबलात यांचं काही वाचलेलं आठवत नाही."

पाळकसाहेब म्हणाले, "बाळाची आजी. लाईन पुढं सरकू द्या."